थंड जागी ठेवा

माझे सासरे आमच्याकडे अमेरिकेत ईडन प्रेरीला आले ते सप्टेंबरच्या शेवटी, झाडं लाल-पिवळी व्हायला लागली होती तेव्हा. जानेवारीत परत जायचं ठरलं होतं. सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तालुक्याच्या गावी ते एकटेच राहत होते. नवऱ्याने फोनवर फार मागे लागून त्यांना तयार केलं. मिनेसोटाचा हिवाळा म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. आम्हीही नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आलेच नसते.

बाबा आयुष्यभर एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कधी लागली, कधी सुटली, कुठे बंद पडली, कुठला ड्रायव्हर रजेवर आहे, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. रिटायर झाल्यावरही रोज सकाळी स्टँडवर चक्कर मारून यायचे, चहाच्या टपरीवर बसून गाड्या बघायचे. इकडे पहिले काही आठवडे ते आमच्या कॉलनीतल्या फुटपाथवरून फिरून येत. मग बर्फ पडला, फुटपाथ दिसेनासा झाला आणि त्यांचं बाहेर जाणं बंद झालं. शनिवार-रविवारी नवरा त्यांना मॉलमध्ये सोडायचा, तिथे आतल्या आत दोन फेऱ्या मारायचे. बाकीचे दिवस खिडकीपाशी.

मीही त्या वर्षी घरातच होते. माझी नोकरी उन्हाळ्यात गेली होती. मग नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून नाव लावून घेण्याचा अर्ज केला होता आणि तो सरकारदरबारी पडून होता. तो मंजूर होईपर्यंत काम करता येत नव्हतं, आणि मधेच देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं, म्हणून पुण्याला जाऊन यायचीही सोय नव्हती. दिवसभर मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायचे. कुठलातरी ऑनलाइन कोर्स चालू असायचा. खरं म्हणजे अर्जाचं स्टेटस पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत बसायचे.

नवरा दर आठवड्याला प्रोजेक्टसाठी डॅलसला जायचा. सोमवारी पहाटे गेला की गुरुवारी रात्री परत. मधले दिवस त्या घरात आम्ही दोघंच. खिडक्या थंडीसाठी घट्ट बंद. घर तापवणारी फर्नेस घों घों करत सुरू व्हायची, थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. आम्ही एकमेकांशी नीट वागत होतो, पण बोलण्यासारखं फार नव्हतं. "चहा घेता का बाबा?" "चालेल." "जेवायला वाढू?" "तुझं झालं की बसू." लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण त्यांच्याशी माझं जे काही बोलणं व्हायचं ते सासूबाईंच्या मार्फत. त्या गेल्यावर मधला दुवाच राहिला नव्हता.

नोव्हेंबरात माझ्या लक्षात आलं, की जेवता जेवता त्यांचा चेहरा लालबुंद होतो. कानापासून गळ्यापर्यंत रंग चढायचा, ते घास हातात धरून थांबायचे आणि थोड्या वेळाने तो उतरायचा. मी आमटीत तिखट कमी केलं. मग घरातली हवा कोरडी म्हणून ह्युमिडिफायर आणून लावला. दुसरी गोष्टही मला कळली होती, पण ती बोलायची कशी? इथली घरं लाकडी, सगळं ऐकू येतं. बाबा दिवसातून किती वेळा बाथरूमला जात होते आणि किती वेळ आत बसत होते ते मला टेबलाशी बसून ऐकू यायचं. त्यांचं वजनही उतरत होतं. शेवटी मी नवऱ्याला सांगितलं आणि त्याने त्यांना डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांना एक शंका आली. आतड्यात एखादी लहानशी गाठ असली, तर ती रक्तात काही रसायन सोडते, त्यामुळे असा चेहरा लाल होतो आणि जुलाब होतात. काही वेळा ती कॅन्सरची असते. त्या रसायनाचा अंश लघवीत उतरतो, तो मोजायचा. एका वेळची लघवी पुरत नाही, पूर्ण दिवस-रात्रीची गोळा करावी लागते. त्यासाठी क्लिनिकने एक मोठा तपकिरी कॅन दिला, तोंडाला रुंद झाकण असलेला. त्याच्याबरोबर एक प्लास्टिकचा मग. आधीचे काही दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड असलं काही खायचं नाही. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या लघवीपर्यंत सगळी कॅनमध्ये. उजेड लागू द्यायचा नाही. आणि कॅन पूर्ण वेळ फ्रीजमध्ये.

नवऱ्याने तो कॅन आणून सरळ ओट्यावर ठेवला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही बघितलं.

"फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा केलाय," नवरा म्हणाला. "प्रत्येक वेळी झालं की लगेच त्यात ठेवून द्यायचं. सिंपल आहे."

"फ्रीजमध्ये खायच्या वस्तू असतात," बाबा म्हणाले.

"पिशवीत घालून ठेवा मग."

"गॅरेजमध्ये ठेवतो मी. तिथं तुझ्या फ्रीजपेक्षा गार आहे."

नवरा हसला. "पॉइंट आहे," म्हणाला, आणि विषय संपला.

रविवारी बाबांनी दिवसभर खोलीचं दार लावून घेतलं होतं. नवरा मॅच बघत होता. सोमवारी तो पहाटेच विमानतळावर गेला होता, म्हणून लॅबमध्ये त्यांना मी घेऊन गेले. रस्ते त्या दिवशी कोरडे होते. बाबांनी कॅन दोन पिशव्यांमध्ये गुंडाळून मांडीवर घेतला होता आणि पूर्ण वेळ समोर बघत होते.

लॅबच्या काउंटरवर एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी पिशव्या काढल्या आणि कॅन दोन्ही हातांत घेतला. "हा कोमट लागतोय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "फ्रीजमध्ये ठेवला होता ना?"

"यस, यस," बाबा म्हणाले.

मला वाटलं, गाडीतला हीटर मी फार वाढवला होता म्हणून असेल. त्या बाईंनी लेबल चिकटवलं आणि कॅन आत नेला.

रिपोर्ट नॉर्मल आला. नवऱ्याने डॅलसहून व्हिडिओ कॉल केला, त्याचा आवाज नुसता उड्या मारत होता. "काही नाहीये, बाबा! एकदम क्लीन! पोट इथल्या खाण्याने बिघडलं असणार. आता जानेवारीचं तिकीट पक्कं." मी शिरा केला. बाबा "बरं झालं" म्हणाले, एक चमचा शिरा खाल्ला आणि खोलीत गेले.

पण काहीच बदललं नाही. चेहरा लाल होतच होता. बाथरूमच्या फेऱ्या होत्याच. उलट बाबा जास्तच गप्प झाले. बॅग पलंगावर उघडी ठेवलेली असायची, तिच्यात कपडे घालायचे, पुन्हा काढायचे. मला वाटलं परत एकटं राहायचं म्हणून जीवावर येत असेल. मला त्यांचा हेवाही वाटायचा, ते मी लपवत नाही. त्यांच्या हातात तिकीट होतं. त्या घरातून बाहेर पडायची तारीख त्यांना माहीत होती.

नाताळच्या सुट्ट्या संपून नवरा पुन्हा डॅलसला गेला, त्या आठवड्यात मोठं हिमवादळ येणार म्हणून फोनवर सारखे इशारे यायला लागले. मी घरात भाजी-दूध भरून ठेवलं. एका दुपारी मी इडलीचं पीठ फ्रीजमध्ये ठेवत होते, आणि बाबा पाण्याचा तांब्या घ्यायला आले होते ते तिथेच उभे राहिले.

"हे तू फ्रीजमध्ये ठेवतेस ना गं?"

"आंबल्यावर ठेवते, बाबा."

"आणि नाही ठेवलं तर?"

"आणखी आंबेल. फसफसून पातेल्याबाहेर येईल."

"म्हणजे वाढतं."

"हो."

"कमी होत नाही काही?"

मला प्रश्नच कळला नाही. मी फ्रीजचं दार लावून वळले. बाबा तांब्याकडे बघत होते.

"एखादी गोष्ट अशी असेल," ते म्हणाले, "की उबेला राहिली तर त्यात जे असायला हवं तेच नाहीसं होईल. असं होत असेल का?"

"कसली गोष्ट, बाबा?"

त्यांनी तांब्या ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "तो कॅन मी गॅरेजमध्ये ठेवला नव्हता."

आमच्या घराची रचना अशी, की बाबांच्या खोलीतून गॅरेजमध्ये जायचं तर स्वयंपाकघर ओलांडावंच लागतं. त्या रविवारी मी तिथेच टेबलाशी बसले होते. पहिल्या वेळी ते कॅन घेऊन दारापर्यंत आले, मी पाठमोरी दिसले, आणि ते परत फिरले. कॅन त्यांनी कपड्यांच्या कपाटात तळाशी ठेवला. कपाटाच्या शेजारीच जमिनीत गरम हवेची जाळी होती. उजेड लागू नये हे मात्र त्यांनी कसोशीने पाळलं. त्यासाठी त्यांनी स्वतःचा जाड हिवाळी कोट त्या कॅनवर पांघरला होता.

"पूर्ण दिवस-रात्र?" मी विचारलं.

"हो."

"मग त्या बाईंनी विचारलं तेव्हा..."

"तेव्हा तू शेजारी उभी होतीस."

फर्नेस सुरू झाली. बाबांनी तांब्या भरून घेतला. "आता आठवडाभरात मी जातोच आहे," ते म्हणाले. "तिकडे गेल्यावर बघू. त्याला सांगू नकोस. उगाच डोक्याला ताप."

ते तिकडे काही बघणार नाहीत हे मला माहीत होतं. सासूबाईंना छातीत दुखत होतं तेव्हाही दोघांनी मिळून 'बघू'च म्हटलं होतं. ते खोलीत गेले आणि मी ओट्याला टेकून उभी राहिले. मला त्यांचा राग आला. मग दया आली. मग पुन्हा राग आला. कालपर्यंत मी माझ्या एका अर्जात अडकलेली होते, आता त्यांनी त्यांच्या कपाटात मलाही आत घेतलं होतं आणि दार लावलं होतं. नवऱ्याला सांगावं तर बाबांचा विश्वास मोडला. न सांगावं तर पोटात गाठ घेऊन माणूस विमानात बसतोय आणि ते मी बघतेय. बाहेर जाऊन एक चक्कर मारून यावं असं फार वाटलं, पण वारा सुटला होता आणि फुटपाथ बर्फाखाली गाडले गेले होते.

दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढला. या वेळी लवकर उतरेना. त्यांनी टेबलाची कड धरली आणि डोळे मिटून घेतले. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. त्यांना बरं वाटल्यावर मी विचारलं, "बाबा, नेमकं काय नकोसं वाटतं? टेस्ट नको, की फ्रीज नको, की मी नको?"

ते थोडंसं हसले. "तू नको कशी? पण तू दूध जिथं ठेवतेस, तिथं माझं ते... आणि रात्रंदिवस तो कॅन हातात घेऊन तुझ्यासमोरून जा-ये करायची. तुझी सासू असती तर तिनं नेऊन ठेवला असता. सुनेसमोरून नाही नेता येत मला. पटत असेल तर बघ."

"आणि स्वयंपाकघरात आणायचाच नाही असं केलं तर?"

आमच्याकडे पिकनिकचा एक मोठा कूलर होता. उन्हाळ्यात तळ्यावर जाताना त्यात थंड पेयं आणि कलिंगडाच्या फोडी भरायचो. मी म्हटलं, तो तुमच्या बाथरूममध्ये टबात ठेवू, त्यात बर्फ भरू, कॅन त्यात राहील. तो तिथून हलवायचाच नाही. मी त्या दिवशी वरच्या मजल्यावर बसेन, हाक मारल्याशिवाय खाली येणार नाही.

बाबांनी ताटातला भात कडेला सारला.

"फोन कर त्यांना," ते म्हणाले.

मी क्लिनिकला फोन लावला आणि नर्सला सरळ सांगितलं, की पहिला नमुना दिवसभर गरम जागी राहिला होता. ती रागावली नाही. असं होतं म्हणाली. उबेत राहिला तर आम्ही जे मोजतो ते मोडून जातं, आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो, त्या रिपोर्टवर विसंबता येणार नाही. नवा कॅन आजच घेऊन जा, वादळ सुरू व्हायच्या आत. रस्ते अजून कोरडे होते, मी तशीच गाडी काढली आणि आणला.

घरी पोचले तोवर नवऱ्याचा फोन आलाच. बाबांच्या टेस्टची सूचना त्याच्या मोबाईलवर यायची. "हे काय? पुन्हा तीच ऑर्डर का दिसतेय? चुकून पडलीय का?"

मी काही बोलायच्या आत बाबांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"पहिला नमुना मी खराब केला," बाबा म्हणाले. "गॅरेजमध्ये ठेवतो म्हणालो आणि कपाटात ठेवला. हीटरच्या शेजारी."

मग त्याचा आवाज फोनमधून मला इकडे ऐकू आला. "बाबा, यार, एवढं एकच तर करायचं होतं! आपण सगळे रिलॅक्स झालो! महिना गेला ना मधे! लाज कसली त्यात?"

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण कसली लाज असं विचारू नकोस. असते." आणि फोन मला परत दिला.

आहाराची पथ्यं त्यांनी आधीपासूनच पाळलेली होती. पहिल्या वेळेपासून त्यांनी टोमॅटोला हात लावला नव्हता. दोन दिवसांनी सकाळी टेस्ट सुरू केली. वादळ आदल्या रात्रीच येऊन धडकलं होतं. घरामागचं लाकडी डेक बर्फाने कठड्यापर्यंत भरलं होतं. मी फ्रीजरमधला बर्फ कूलरमध्ये घातला, तो तळाशीच राहिला.

"एवढा बर्फ पडलाय बाहेर आणि तू हे चौकोनी तुकडे मोजतेस?" बाबा म्हणाले. त्यांनी कोट घातला, माझे बागेतले हातमोजे घातले, एक मोठं पातेलं घेतलं आणि डेकचं सरकतं दार उघडलं. थंडी भस्सकन आत आली. हिवाळा सुरू झाल्यापासून बर्फाला त्यांनी हात लावलेला मी प्रथमच बघत होते. पातेलं भरून भरून त्यांनी कूलर गच्च केला.

मी कॅनवरची सूचना पुन्हा वाचली. थंड ठेवा, पण गोठू देऊ नका. बाहेरचा बर्फ उणे वीसचा. नुसता तसाच ठेवला तर कॅन गोठला असता. मग आम्ही त्यात गार पाणी ओतलं, बर्फाचा लगदा झाला, आणि मी स्वयंपाकाचा थर्मामीटर त्यात बुडवून बघितला. शून्याच्या जरा वर. तो थर्मामीटर मी नंतर फेकून दिला, पण त्या दिवशी तो कॅनशेजारीच कूलरमध्ये खोचून ठेवला होता. बाबा दर थोड्या वेळाने तो बघून यायचे.

ठरल्याप्रमाणे मी वर जाऊन बसले. पण फार वेळ काही ते टिकलं नाही. वीज गेली. फर्नेस बंद पडली आणि घर इतकं शांत झालं, की मला कसंसंच व्हायला लागलं. खालून बाबांनी हाक मारली, "अगं, वर गारठशील. खाली ये, शेगडी पेटतेय." गॅसची शेगडी काडीने पेटवता येत होती. आम्ही स्वयंपाकघरात स्वेटर-शाली घालून बसलो. मी चहा केला. त्यांना पाणी भरपूर प्यायला सांगितलं होतं, ते कपामागून कप चहा-पाणी पीत होते, आणि मधेच उठून जायचे, आणि परत येऊन बसायचे. पहिल्यांदा उठले तेव्हा अवघडून "आलोच" म्हणाले. चौथ्या-पाचव्या खेपेला काही न बोलता उठून गेले.

त्या दुपारी त्यांनी मला स्टँडवरची एक गोष्ट सांगितली. बायका कंडक्टर म्हणून यायला लागल्या तेव्हाची. त्यांच्या स्टँडवर बायकांसाठी स्वच्छतागृह नावाला होतं, दार मोडकं. लांब पल्ल्याच्या ड्युट्या. एक तरुण कंडक्टर होती, ती ड्युटीवर पाणीच प्यायची नाही. उन्हाळ्यात एकदा ऑफिसमध्ये चक्कर येऊन पडली. ती शुद्धीवर आल्यावर बाबांनी विचारलं, काय त्रास आहे? ती मान खाली घालून उभी. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, टेबलासमोर उभी राहिली, "साहेब, ते..." म्हणाली आणि निघून गेली.

"मला कळलं होतं," बाबा म्हणाले. "पण मी काय विचारणार? तिला बोलता येईना आणि मला ऐकता येईना. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी तुझ्या सासूला घेऊन गेलो स्टँडवर. ती त्या मुलीशी बोलली, आणि घरी येऊन मला म्हणाली, त्या पोरीला मूतखडे झालेत, तुम्ही कसली व्यवस्था बघता तिथं?"

"मग?"

"मग पार्सलची एक खोली रिकामी करून घेतली. आतून कडी बसवली, बाहेर कुलूप. किल्ली त्या बायकांकडेच. वरून ओरडा खाल्ला त्याबद्दल." त्यांनी कप खाली ठेवला. "नियम, वेळापत्रक, सगळं बोलता येत होतं मला. हे नाही."

हे सांगून झाल्यावर ते उठले, बाथरूमकडे गेले आणि दारातूनच म्हणाले, "बर्फ वितळायला लागलाय. पातेलं दे."

संध्याकाळी वीज आली. रात्रभर वारा घराला धडका देत होता. सकाळी बर्फ काढणारे ट्रक रस्त्यावरून गेले, पण आमचा ड्राइव्ह-वे तसाच होता. शेजारच्या घरातल्या माणसाने त्याचं मशीन आणून तो मोकळा करून दिला. मी बर्फात गाडी चालवायला घाबरायचे, त्या आधी नेहमी टाळत आले होते. त्या दिवशी न्यायला दुसरं कोणी नव्हतं, वादळामुळे नवरा डॅलसलाच अडकला होता. कूलर मागच्या सीटवर पट्ट्याने बांधला. एका वळणावर गाडी घसरली आणि आपोआप सरळ झाली. बाबा म्हणाले, "सावकाश. लेट झाली तर झाली. गाडी लेट आली म्हणून कोणी मेलं नाही."

लॅबमध्ये त्याच बाई होत्या. कूलर बघून त्या हसल्या. कॅन हातात घेऊन म्हणाल्या, "हा छान थंड आहे." बाबांनी इंग्रजी वाक्य बहुतेक गाडीतच जुळवलं असावं. ते म्हणाले, "लास्ट टाइम, आय डिड नॉट कीप इन कोल्ड. आय टोल्ड यू राँग." त्या बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, हरकत नाही, आता तर आणलात ना.

आकडा बराच वाढलेला आला. तिकीट कॅन्सल केलं. मग स्कॅन झाले. लहान आतड्यात गाठ होती, कॅन्सरचीच, पण सावकाश वाढणारी. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायला हवं, इथे करा किंवा तिकडे, पण लांबवू नका. बाबांनी पुणं म्हटलं. नवऱ्याचे चुलतभाऊ तिथे होते, त्यांनी हॉस्पिटल बघितलं. या सगळ्यात फेब्रुवारी उजाडला. तोवर आम्ही दोघं त्याच घरात, त्याच खिडक्यांआड. फक्त आता बोलणं होत होतं. पोट बिघडलं की ते मला तसं सांगायचे, "आज तीनदा झालं," आणि मी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी करून द्यायचे.

नवरा त्यांना घेऊन पुण्याला गेला. मला जाता आलं नाही. अर्ज अजून तसाच होता. विमानतळावर सोडताना मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुला इथं एकटीला ठेवून जातोय हे बरं नाही वाटत." मी म्हटलं, "मला सवय आहे, बाबा." सवय बिलकूल नव्हती. घरी येऊन मी दार लावलं आणि त्या लाकडी घरात माझ्याशिवाय कुणाचाच आवाज येईना, तेव्हा मी किती अडकलेली आहे ते मला अगदी स्वच्छ कळलं. त्यांच्या असण्याने ते थोडं झाकलेलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. आतड्याचा एक तुकडा काढला. गाठ शेजारच्या एका-दोन ठिकाणी पसरायला लागली होती, ती काढून घेतली, आणि पुढे ठराविक काळाने तपासण्या करत राहायचं असं ठरलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. बाबा अजून आहेत, स्टँडवर चक्कर मारतात.

ऑपरेशननंतर पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांनी स्वतःच मला फोन लावला. आवाज खोल गेलेला होता. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. मी दुखतंय का विचारलं, जेवताय का विचारलं. त्यांनी एकेका शब्दात उत्तरं दिली. मग विचारलं, "तिकडे बर्फ आहे अजून?"

"आहे ना. एप्रिलपर्यंत राहील."

"मग तू दिवसभर काय करतेस?"

नोकरी गेल्यापासून हा प्रश्न मला तसा कोणी विचारला नव्हता. अर्जाचं काय झालं, हे सगळे विचारायचे. मी काही वेळ बोललेच नाही. त्यांनी घाई केली नाही. हॉस्पिटलमधला पंखा, ट्रॉलीची चाकं, कोणाचीतरी हाक, सगळं मला फोनमधून ऐकू येत होतं. मग मी खुर्चीत बसले आणि सकाळपासूनचं सगळं सांगायला लागले.